थंड डोक्याचा कॅमेरा

आमच्या वेधशाळेत बिघाडांचं एक लॉगबुक आहे. त्यात दोनच रकाने : काय बिघडलं आणि काय केलं. मधल्या वेळात कोण काय बोललं याला रकानाच नाही. ते सगळं माझ्याकडे साठत गेलंय!

भोकरदनच्या पुढे एका टेकडीवर आमची दुर्बीण, आणि तिच्या बुडाला इन्फ्रारेड कॅमेरा. ताऱ्यांची डोळ्यांना न दिसणारी ऊब तो टिपतो. त्यासाठी तो स्वतः गारठलेला हवा, म्हणून त्याच्या पोटात द्रवरूप नायट्रोजन ओतायचा. त्याला सांभाळणारे आम्ही तिघं : प्रमुख जोगदंड सर, इंजिनियर मी आणि मेकॅनिक साळवेमामा.

मामांची उमेदीची वर्षं जालना एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये गेली. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तिथं लोखंड तापवत होतो, इथं लोखंड गार करून राह्यलो. पगार दोन्हीकडं कोमटच!"

*

एकदा कॅमेऱ्यातलं व्हॅक्यूम टिकेना. तीन दिवस पंप चालू, हवा आत शिरतेच आहे. शेवटी झाकण उघडलं, तर ते घट्ट बसवणाऱ्या रबरी रिंगवर एक केस!

सर भडकले. "कुणाचा आहे हा?"

सरांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. "मला सोडून सगळ्यांची चौकशी होईल!"

मामा हळूच म्हणाले, "सर, भुवया तर हायेत ना तुम्हाला?"

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना टोप्या. सरांनी तर कपाळ झाकेल एवढी खाली ओढून घातली!

*

मग कॅमेऱ्यातलं, फिल्टर बदलणारं चाक अडकलं. परदेशातल्या कंपनीचा मेल आला : पाठवून द्या, सहा महिने लागतील. सरांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

मामांनी चाक उघडलं, बेअरिंगला बोट लावलं आणि माझ्याकडे बघितलं. "ह्यात ग्रीस कुणी भरलं?"

मीच भरलं होतं, मागच्या सर्व्हिसिंगला. एवढ्या थंडीत साधं ग्रीस दगड होतं, तिथं बेअरिंग कोरडंच ठेवायचं असतं.

मामांनी बाह्या सरसावल्या. दिवसभर बसून एकेक गोळी धुतली, पुसली, परत बसवली. चाक बिलकुल लोण्यासारखं फिरायला लागलं! संध्याकाळी मी धीर करून सरांच्या खोलीत गेलो. "सर, चूक माझी होती."

"माहितेय," सर म्हणाले. "मामा सांगून गेले, पोरगा येईल म्हणून. तो स्वतः सांगेपर्यंत रागावू नका, म्हणाले."

"आणि आता?"

"आता चहा घ्या!"

*

त्याच दुरुस्तीनंतर तपासणी चालली होती. साळवेमामी डबा घेऊन आल्या होत्या. मामा स्क्रू बघायला कॅमेऱ्याच्या काचेसमोर वाकले आणि स्क्रीनवर पांढराशुभ्र गोळा उमटला.

"ते काय हो?" मामींनी विचारलं.

"मामांचं डोकं. गरम वस्तू पांढरी दिसते यात."

"एवढ्यासाठी मशीन आणलं व्हय? मला इचारायचं ना!"

*

आता आमच्या संशोधक विद्यार्थिनीचं, ऋतुजाचं. पीएचडीसाठी तिला एक तारा दुसऱ्या ताऱ्याआड, म्हणजे ग्रहणात जाताना टिपायचा होता. ते ग्रहण एकाच रात्री, पुन्हा सापडणार थेट चार वर्षांनी. आणि नेमका त्याच दिवशी दुपारी फोन आला : नायट्रोजनचा टेम्पो घाटात बंद पडलाय. कॅमेरा तापायला लागलेला. पोरगी जिन्यात बसून रडत होती.

मामांनी गावातल्या गुरांच्या डॉक्टरांना, पठाण डॉक्टरांना फोन लावला. गायींसाठीचे कृत्रिम रेतनाचे डोस ते नायट्रोजनमध्येच ठेवतात.

डॉक्टर स्वतः मोटरसायकलवर आले, मागं कॅन बांधलेला. "बारा लिटर हाय. दोन लिटर मला ठेवा, उद्या तीन गायी माजावर हायेत. बाकी तुमच्या ताऱ्याला!"

कॅमेऱ्यातून पांढरी वाफ फुसफुसली, तापमानाचा आकडा उतरू लागला. ऋतुजानं डॉक्टरांचे पाय धरले. ते मागं सरकले. "अरे बेटा, जल्दी कर, ते बघ आधी!"

त्या रात्री सगळं बराबर टिपलं गेलं. वर्षभरानं तिचा शोधनिबंध स्वीकारला गेला. परीक्षकानं परदेशातून एकच शंका काढली होती : 'आभारांच्या यादीत एका पशुवैद्यकाचं नाव दिसतंय. चुकून आलंय का?'

ऋतुजानं एका ओळीत उत्तर पाठवलं : 'नाही. तीन गायींचीही नावं राहिली आहेत, ती जोडून घ्यावीत.'