मॉनिटरवरची टिकली

माळ्यावरचा जुना मॉनिटर भंगारात द्यायला काढला, तर काचेवर ताईची लाल टिकली अजून चिकटलेली.

तिच्या लग्नाच्या आदल्या दिवसाची ती दुपार. बोरीवलीच्या आमच्या घरात ओल्या हळदीचा वास, आणि आम्ही दोघं कॉम्प्युटरवरच्या एका विनोदी गेममध्ये अडकलेलो. जगप्रसिद्ध चित्रांचा भूलभुलैया होता. प्रत्येक चित्र म्हणजे पुढच्या दालनाचं दार. ताई सासरी जायच्या आत बाहेर पडायचंच, असं ठरलेलं. पण गूढ हसणारी बाई, सूर्यफुलं, वितळलेली घड्याळं आणि परत तीच बाई!

"पाहिलेल्या चित्राला खूण करूया," म्हणत ताईने आरशावरची टिकली काढून बाईच्या कपाळावर लावली. पुढच्या दालनात सूर्यफुलांवरही टिकली! घड्याळावरही!

"ताई, इथे आपण येऊन गेलोय, मागे फिर!" कॉम्प्युटरच्या क्लासला जाणारा मी, आई हळदीला हाक मारेपर्यंत तिला मागेच फिरवत राहिलो.

आज तिला फोन केला. "टिकली चित्रावर नाही, काचेवर आहे, हे तुला तेव्हा कळलं नव्हतं?"

"लगेच कळलं रे," ताई म्हणाली. "पण बाहेर पडायची घाई तुलाच होती ना."