टोपातली कल्हई

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. घरात आमसुलाचं सार झालं की पुरे, माझं जेवण संपतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी परळ-लालबाग भागात सब-इन्स्पेक्टर होतो. अर्धं ठाणं रोज मोर्च्यांच्या बंदोबस्तावर, तपास उरलेल्या वेळात. अशाच एका सकाळी गिरणीतला एक फिटर आला. त्याची पाच वर्षांची मुलगी आदल्या दिवशी इस्पितळात आकडी येऊन दगावली होती. दोन महिने तिच्या पोटात कळा येत होत्या. पोर पहिल्या बायकोची.

"साहेब, दुसरीनं सारात काहीतरी घातलंय," तो म्हणाला. "आई आधीपासून सांगत होती. आता मलाही तसंच वाटतं."

सावत्र आई म्हटलं की पोलिसाचं डोकं एकाच दिशेनं धावतं. माझंही धावलं. बावीस-तेवीसची कोकणातली बाई. तीन दिवस तिला सकाळी ठाण्यावर आणायचं, संध्याकाळी सोडायचं. मी काय काय बोललो ते आज लिहवत नाही. फाशीची भीतीसुद्धा घातली. तिचं उत्तर एकच: "सार तिका आवडायचा, म्हणान मी रोज करी."

मी मनात म्हटलं, झालं, सापडली.

पोस्टमॉर्टेमनंतर व्हिसेरा सरकारी प्रयोगशाळेत गेला होता. मी सोमलाच्या विषाची वाट बघत होतो. सोमल निघालाच नाही. तिथले केमिस्ट मात्र चिवट माणूस. "थांबा हो, घाई कसली? आर्कवर जाळून बघतो," म्हणाले. चिमूटभर राख कार्बनच्या कांडीत भरायची, विजेच्या ज्योतीत जाळायची आणि तो उजेड फोडून फोटोच्या काचेवर घ्यायचा. प्रत्येक धातूच्या रेघा आपापल्या ठरलेल्या जागीच उमटतात. काचेवर बोट ठेवून ते म्हणाले, "हे शिसं. भरपूर आहे. आता घरातलं सगळं आणा, पाण्यापासून कुंकवापर्यंत."

पंच घेऊन फिटरच्या खोलीवर गेलो. पीठ, मीठ, कुंकू, सगळं पुड्यांत बांधलं. साराचा पितळी टोप उचलला, तर आतली कल्हई जाड आणि मळकट.

"आजी, कल्हई कोणाकडून केलीत?" मी सहज विचारलं.

"माज्या झिलान केल्यान," फिटरची म्हातारी आई अभिमानानं म्हणाली. "बंद नि दंगे, कल्हईवालो येयना. सार कळकाक लागला. झील माजो फिटर, तेका सगळा येता."

पोरीच्या पोटात कळकलेलं जाऊ नये म्हणून बापानं स्वतः टोप तापवला, नवसागर टाकला आणि कथील म्हणून गिरणीत सांधे जोडायची डागाची कांडी फिरवली. तिच्यात निम्मं शिसं. रोजच्या आंबट सारात ते उतरत गेलं. मोठ्यांचीही पोटं दुखत, पण तिकडे कोण बघतो? कांडी दाखव म्हटल्यावर त्यानं ती हत्यारपेटीतून लगेच काढून दिली. त्याला वाटलं, बायकोविरुद्ध पुरावा गोळा होतोय.

टोपाची खरवड आणि कांडी, दोन्हींच्या रेघा एकाखाली एक ठेवल्या. बारीकसारीक भेसळीसकट जुळल्या.

आधी मी त्या बाईला बोलावलं. "तू सुटलीस," म्हटलं, आणि कारण सांगितलं. ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं. खरं तर त्या मला हव्याच होत्या. तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "साहेब, त्येंका सांगू नकात. आळ माज्याच नावार रवांदे."

ते माझ्या हातात नव्हतं. कागद पुरे करायला त्याचा जबाब लागणारच होता. मी त्याला सांगितलं, काच दाखवली. फिटर माणूस, फार समजावावं लागलं नाही. काच उजेडात धरून तो बघत राहिला. मग हात जोडून म्हणाला, "साहेब, मशीन चुकतं कधीतरी. परत एकदा बघायला सांगा ना."

केमिस्टांनी परत बघितलं. रेघा त्याच जागी होत्या.

अपघाती मृत्यू म्हणून प्रकरण बंद झालं. सारात काय घातलंस, हे मी त्या बाईला किती वेळा विचारलं असेल, देव जाणे. घरात अलीकडे काय बदललं, एवढं साधं एकदाही विचारलं नाही. पुढे प्रत्येक तपासात तो प्रश्न मी पहिला विचारला. तिची माफी मात्र उद्या मागू, परवा मागू म्हणत राहिलो. साहेबानं माफी मागायची म्हणजे जीभ रेटत नाही हो. शेवटी एकदा गेलो, तेव्हा खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, म्हातारीला घेऊन ती दोघं गावाला गेली, आणि जाईपर्यंत तो घरात कुठल्याच भांड्याला हात लावत नव्हता.