पोचत नाही

माझ्या वहिनी डबल बास वाजवायच्या. व्हायोलिनच्याच घराण्यातलं, पण माणसाहून उंच वाद्य. उभं राहून, कवेत घेऊन वाजवायचं. एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये दादा पियानोवर, एक ड्रमवाला आणि मागे वहिनी, असं त्यांचं अठरा वर्षं चाललं होतं. पुढे एक साधा माइक ठेवला की भागायचं. माझं दुकान अँप आणि स्पीकर दुरुस्तीचं. घरातच मिस्त्री असल्यावर तक्रार माझ्याकडेच यायची.

"भाऊजी, माझा आवाज पोचत नाही म्हणतायत हे," वहिनी एकदा म्हणाल्या. "पुढच्या टेबलांनाही नाही."

हॉल नुकताच वाढवला होता, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. माइक वाढवला तर ड्रम आणि चमचेच जास्त ऐकू यायचे. म्हणून मी बासच्या घोडीच्या पायाखाली, म्हणजे तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तिच्याखाली, चपटा पिकअप बसवला. तो लाकडाची थरथर पकडतो. पण त्याचा आवाज नुसता अँपला जोडला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा येतो. मध्ये प्रीअँप लागतो, तो त्या किरकोळ आवाजाला अंग देतो. मी तो स्वतः बनवला. वहिनींनी एक सूर छेडला आणि हसल्या. "हां, आता जेवलाय."

दोन महिने बरे गेले. मग पुन्हा तेच. प्रीअँपचं बटण वाढवलं, तर बास घुमायला लागला. स्पीकरचा आवाज बासच्या पोटात शिरतो, पोट हलतं, पिकअप तेच पुन्हा उचलतो आणि हॉलभर हंबरडा. मी अगदी खालचे सूर थोडे कापले. तेवढ्यानं भागेना, म्हणून चुंबकाचा पिकअप आणला. तो फक्त स्टीलची तार ऐकतो, लाकडाकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणून घुमत नाही.

"घुमत नाही, पण लाकूड कुठे गेलं?" वहिनी म्हणाल्या. "हा दुसऱ्याच कुणाचा तरी बास आहे."

मग दोन्ही पिकअप एकत्र केले, थोडं याचं, थोडं त्याचं. तीन आठवड्यांत दादा दुकानात आला, चिडलेला. "तुम्ही दोघं करता काय? मागे कुणी उभं आहे की नाही, तेच कळत नाही मला." मग तिथेच बसलेल्या वहिनींकडे वळून, "जरा जोर लावून वाजव की. जीव गेल्यासारखी वाजवतेस."



मी वायर बदलली, बॅटरी बदलली, प्रीअँप उघडून सोल्डरचे सगळे टाके पुन्हा मारले. दोष सापडेना. शेवटी एका दुपारी त्यांना बास घेऊन बोलावलं आणि मीटर लावला. त्यांनी जाड तार छेडली. काटा जेमतेम हलला. मला वाटलं, पिकअपच गेला. खात्री करायला मी स्वतः, आयुष्यात कधी बास न वाजवलेल्या बोटानं, तीच तार ओढली. काटा टोकाला जाऊन आपटला.

वहिनी मीटरकडे बघत राहिल्या. "पुन्हा ओढा," म्हणाल्या. मी ओढली. मग त्यांनी ओढली. मग त्यांनी बास भिंतीला टेकवला आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस बसलं होतं, चमच्यानं काढून घेतल्यासारखं.

"ब्लाउजची बटणं लागत नाहीत मला," त्या म्हणाल्या. "किल्ली दोन्ही हातांनी फिरवते. यांना नका सांगू एवढ्यात."

सांगावं लागलंच. डॉक्टरांनी सुया टोचून तपासण्या केल्या आणि सांगितलं की स्नायूंना हलवणाऱ्या नसा मरत चालल्यात. थांबवायचा इलाज नाही. आठ महिने आधी, पहिल्या तक्रारीच्या वेळीच कळलं असतं तरी काही फरक पडला नसता, असंही ते म्हणाले. दादा बाहेरच्या बाकावर बसून एवढंच म्हणाला, "मी तिला जोर लावायला सांगत होतो."

वहिनींनी सोडलं नाही. "भाऊजी, जेवढं उरलंय तेवढ्यात पोचेल असं काही करा." मी घोडी तासून तारा खाली आणल्या, हलक्या तारा चढवल्या, लाकडाचा नाद सोडून नुसता चुंबक ठेवला आणि दुप्पट ताकदीचा प्रीअँप बांधला. बोट नुसतं टेकलं तरी सूर निघायचा. त्यांना तो आवाज कधीच आवडला नाही. तरी पाच महिने वाजवत राहिल्या.

नंतर डावा हात गेला. गाण्याच्या मध्येच तार दाबली जाईना. मी त्या दिवशी हॉलमध्येच होतो. दादानं मान वळवली नाही. पियानोवर डाव्या हातानं बासचे सूर उचलले आणि गाणं पूर्ण केलं. जेवणाऱ्यांच्या लक्षातही आलं नाही. वहिनी बास धरून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. घरी येताना म्हणाल्या, "उद्यापासून नाही येणार."

पुढे पाय गेले, बोलणंही गेलं. होकार-नकार तेवढा मानेनं. बास एका संगीतशाळेला द्यायचं त्यांनीच ठरवलं. मी पिकअप, वायरी, प्रीअँप सगळं काढलं आणि घोडी नवी बसवली. न्यायला शाळेतल्या बाई आल्या. नेण्याआधी त्यांनी पलंगाजवळ उभं राहून तो वाजवला, कशालाही न जोडता. छोटी खोली होती. खिडकीची काच थरथरत होती. वहिनींनी डोळे मिटले.

"थांबू का?" बाईंनी विचारलं.

वहिनींनी मान हलवली: नाही.

बाई बराच वेळ वाजवत होत्या. त्या गेल्यावर वर्षानुवर्षांच्या रियाजात बासच्या टोकदार पायानं जमिनीला पडलेला खड्डा उघडा पडला. दादानं त्यावर खुर्ची ओढून घेतली आणि पलंगाशी बसला. अकरा दिवसांनी वहिनी गेल्या.