बाबांची अळणी भाकरी

मंडळी, आपली फिरती वही काल कल्याणहून माझ्याकडे ठाण्याला आली. काय लिहावं सुचत नव्हतं, पण आज सकाळी घरात जे पाहिलं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

आईला तीन दिवस ताप आहे. माझी बायको माहेरी. शेजारून आलेलं जेवण आई दोन घास खाऊन बाजूला सारते. आज बाबा चुलीपाशी बसले आणि मला म्हणाले, "तू मुगाचं कढण कर. पिठाचं मी बघतो."

त्यांनी तांदळाच्या पिठाची उकड काढली, मळली आणि परातीत अशी पातळ भाकरी थापली की मी फुंकणी हातात धरून बघतच राहिलो. तव्यावर ती टम्म फुगली.

आईने घास घेतला. "आळनी हाय."

बाबा ओशाळले. "मिठागरावं पिठात मीठ टाकाया लागत नाय. हातालाच असतं."

तेव्हा कळलं, मिठागरावर बाबा स्वतःच भाकरी करतात. मिठाच्या हंगामात बाबा महिनोन्महिने तिकडेच खोपटात राहतात. आम्हाला वाटायचं, तिथे कुणी बाई रांधत असेल.

आई म्हणाली, "तीस वर्सां झाली. घरी कदी का नाय केली?"

"तू कदी पडून रायलीस?"

आई दोन भाकऱ्या जेवली. बाबांचं मला फार कौतुक वाटलं. पण ताप आईला याआधीही यायचा, हे मला आठवतं. तेव्हाही भाकरी आईच भाजायची.

तुम्हाला तुमच्या घरचं काय आठवतं?