सॅम्युअलभाऊंच्या होडीचं डांबर

डांबर मी जाळलं. सॅम्युअलभाऊ विड्या आणायला दुकानावर गेले. जाताना म्हणाले, "सर, जाळावर नजर ठेवा." मी नजर ठेवली, आणि जाळावर लाकडंही ठेवली. शाळामास्तराला काम मन लावून करायची खोड असते. ते परतले तेव्हा डब्यातून पिवळा धूर उसळत होता. त्यांनी काडीने जरासं डांबर पाण्यात सोडलं, गार करून वाकवलं. टक्कन तुटलं.

"मेलं," ते म्हणाले. "हे लावलं तर पहिल्याच हेलकाव्याला तडकेल, होडीत पाणी भरेल."

होडी काठावर उलटी, फळ्यांच्या फटींत सुतळी ठोसून तयार. दुसऱ्या दिवशी रविवार. उकाई धरणाच्या पाण्यापलीकडे त्यांच्या लेकीच्या, प्रिस्किलाच्या बाळाचं नाव ठेवायचं होतं. नाव आजोबांनी हाक मारून ठेवायचं, असं ठरलेलं.

भाऊंचं अर्धं आयुष्य गुजरातेत, रस्त्याच्या कामावर डांबराच्या टाकीजवळ गेलं. रस्ते सुटले, डांबर सुटलं नाही. वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांचे बुडखे त्यांनी डांबरात बुडवले, घराच्या पत्र्यांचे सांधे बुजवले, चिरकी बादली सांधली. थंडीत दगड, उन्हात लोणी आणि पाण्याला काही वाट देत नाही, असं डांबराचं गुणगान ते जावयाचं करावं तसं करतात. एस्तेरवहिनी म्हणतात, "माझा दात हलला तेव्हाही हा माणूस डांबराचाच डबा शोधत होता!"

खांडबाऱ्याच्या बाजारात सगळं मिळतं, पण डांबर काही गूळ नव्हे, सुटं मिळायला. भाऊ थोडा वेळ स्वतःच्या घराकडे बघत राहिले. मग शिडी लावून वर चढले आणि सांध्यांतलं गेल्या उन्हाळ्यात भरलेलं डांबर खरवडून खाली टाकू लागले.

"प्रिस्किलाच्या बापा, डोकं फिरलं का? घर गळेल!" वहिनी ओरडल्या.

"पाऊस जूनमध्ये येतो. नातवाचं नाव उद्या आहे."

मला जाळापासून चांगलं लांब बसवण्यात आलं. मंद आचेवर डांबर पातळ झालं. चिंध्यांचा बोळा घेऊन फटींवर ते फासलं वहिनींनीच, तोंड सुरूच.

सकाळी होडी पाण्यात उतरली. वहिनी भाताचं पातेलं मांडीवर घेऊन बसल्या. मी पाय टाकला तशी होडी जरा जास्तच खाली गेली.

"भाऊ, गळणार नाही ना?"

त्यांनी वल्हं उचललं. "गळली तर तुम्ही उतरायचं."