टेबलापलीकडची शांतता

परदेशी व्यापाराचा छोटासा अभ्यासक्रम करायला आलेल्या मुलाने लगेच लिहायला बसावं, हे जरा जास्तच होतंय, क्षमा असावी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला.

इथे जपानमध्ये एका कारखान्याच्या वयस्कर मालकांना आम्ही आमच्या अभ्यासक्रमाच्या सरांसोबत जाऊन मालाचा दर विचारला. ते चहाच्या कपाकडे बघत गप्पच राहिले. मी घाईघाईने पुढे बोलू लागलो, तसे सर कुजबुजले, "गप रे! विचार करतायत ते. करू दे की."

पक्षाघाताने बाबांची वाचा गेल्यापासून घरी आम्ही सगळे त्यांच्यासमोर सारखे बोलत असतो. शांततेची भीतीच वाटते. पण बाबाही आतल्या आत शब्द जुळवत असतील का?

काल आईचा फोन आला. "अरे, तू सांगितलंस तसं आम्ही त्यांच्यासमोर नुसते गप्प बसलो, आणि बाबा बोलले! 'पोरगा जेवला का,' एवढंच म्हणाले."