पिवळा बाण आणि करवंदीची फांदी

वीर स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या फोनमध्ये तीन पायवाटा साठवलेल्या होत्या आणि तिन्हींपुढे ‘सोपी, निसर्गरम्य’ असं लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्याचे गुडघे पंचविशीचे असणार. आमच्या डोंबिवलीच्या गटात बारा जणी आहेत, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, त्यातल्या एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डिसेंबरात त्यांना महाड-पोलादपूरकडे चालायला न्यायचं ठरलं होतं. मी स्वतः न चाललेल्या वाटेवर कोणाला नेत नाही, म्हणून भातकापणीच्या दिवसांत एकटीच पुढे आले.

महाडला जाणाऱ्या रिक्षात शेजारी एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला निघालेला कामगार होता. माझ्या हातातल्या काठीकडे पाहून त्याने विचारलं, “कुठं, ट्रेकिंगला?”

“वाटा बघायला आलेय. चांगल्या निवडायच्या आहेत.”

“वाटा काय, हायतच त्या,” असं म्हणून तो झोपी गेला.

पहिली वाट महाडजवळच्या लेण्यांची. नीट पायऱ्या आहेत, चढ थोडका आहे, पण महामार्गाचा आवाज शेवटपर्यंत कानात राहतो. पोचल्या दिवशीच्या संध्याकाळसाठी ठीक, एवढं वहीत लिहिलं. दुसरी वाट म्हणजे कशेडीचा जुना घाट. त्याला पायवाट कोणी म्हटलं असेल तर त्याने तो गाडीतूनच पाहिला असणार. डांबरी रस्ता, वळणावर चालायला जागा नाही आणि बोगदा झाला तरी घाटातून येणारे ट्रक आहेतच. तिच्यावर काट मारली.

राहिली तिसरी, पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीच्या अंगाने टोकापर्यंत जाणारी. सकाळी बाजारातल्या टपरीवर घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) खाल्ले, दोन बांधून घेतले आणि निघाले. पहिला तासभर वाट खरोखर सुरेख होती. खाली कापलेली खाचरं, मध्ये सागाची झाडं, पायाखाली घट्ट लाल माती. मी मनातल्या मनात बाराही जणींना चालवायला लागले होते.

मग फाटा आला. डाव्या वाटेवर करवंदीची मोठी काटेरी फांदी आडवी पडलेली होती, बुंध्यावर दोन दगड ठेवलेले. शेजारच्या कातळावर ऑइलपेंटने काढलेला ठसठशीत पिवळा बाण डावीकडेच वळलेला होता आणि त्याखाली एक मोबाइल नंबर. फोनही डावीकडेच जा म्हणत होता. मला वाटलं, एखाद्या वईची (काटेरी कुंपणाची) फांदी गुरांनी ओढून आणली असेल. दगड पायाने सरकवले, काठीने फांदी बाजूला लोटली आणि पुढे गेले.

वीस मिनिटांनी वाट अरुंद झाली. दोन्ही बाजूंना कमरेइतकं वाळलेलं गवत. मी काठी टेकवत चालते, ती सवय कामी आली. एकदा काठी टेकवली ती टेकलीच नाही. गवतातून सरळ खाली गेली. मी मागे बसले आणि हाताने गवत बाजूला केलं, तर पुढे जमीन नव्हती. दरड कोसळून वाटेचा तुकडाच गेला होता आणि वरच्या गवताने ती कड झाकून टाकली होती. मी बसल्या बसल्याच मागे सरकत वळण्याइतकी जागा येईपर्यंत आले. बारा जणींची रांग घेऊन मी इथे आले असते.

फाट्यावर परतले तेव्हा साठीच्या एक बाई कमरेला विळा खोचून ती फांदी पुन्हा आडवी ओढत होत्या.

“तुमी काढलीव काय ही?”

“हो.”

“चष्मा हाय ना गो डोळ्यांवर? मग काटे दिसले नाय?”

“दिसले. मला वाटलं गुरांनी आणली.”

“आणि दगड? ते पण गुरांनी ठेवले?”

मी फांदीचं दुसरं टोक धरलं. त्या वरच्या वाडीतल्या द्रौपदाबाई. फाट्यावर फांदी आडवी टाकून वर दगड ठेवला की वाट बंद, हे त्यांच्याकडे शेंबडं पोरही ओळखतं. मागच्या दरडीनंतर वाडीने ती टाकली. रविवारी शहरातून ट्रेकवाले येतात, फांदी फेकून देतात. सोमवारी द्रौपदाबाई नवी तोडून आणून पुन्हा आडवी टाकतात.

“मागं एक पोरगी गेली खाली,” त्या म्हणाल्या. “झुडपात अडकली म्हणून वाचली. माझ्या पोरानं दोर बांधून वर काढली तिला. ती गेली मुंबैला. ह्याचा हात अजून खांद्याच्या वर जात नाय. परत कोण पडलं तर परत हाच उतरणार. मी नको म्हटलं तर ऐकेल होय?”

बाणावर त्यांनी शेणही फासलं होतं. पावसाने ते धुऊन नेलं.

डोंगरावर फोनला रेंज होती. मी तिथूनच कातळावरचा नंबर लावला. एक तरुण, आनंदी आवाज आला.

“मॅडम, तो आमचा ऑफबीट रूट आहे. टोकावरून व्ह्यू बघाल तर...”

“वाट तुटली आहे, माहीत आहे का?”

“हो, तो पॅच आम्ही वरून बायपास करतो. लीडर असतो सोबत.”

“आणि लीडर नसलेला माणूस तुमचा बाण बघून आला तर?”

“मॅडम, रिस्क असतेच ना. आम्ही सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतो.”

“वाडीतल्या लोकांकडून घेतलात का? काढायला तेच उतरतात.”

तो म्हणाला, “तुम्ही ईमेल कराल का?”

मी फोन ठेवला. संताप त्याचा आला होता आणि थोडा माझाही, कारण सकाळी त्याच्या बाणावर मी जेवढा विश्वास ठेवला तेवढा समोरच्या काट्यांवर ठेवला नव्हता. ईमेल न करता पोलादपूरला उतरले, हार्डवेअरच्या दुकानातून काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर गेले. बाण आणि नंबर दोन्ही काळे केले. द्रौपदाबाई शेजारी बसल्या होत्या आणि रंगवायचा राहिलेला कोपरा दाखवत होत्या.

रंग उरला होता. उजवीकडची वाट वाडीतून जाते, लांब पण धड आहे. तिकडे बाण काढू का, मी विचारलं.

“नको गो,” त्या म्हणाल्या. “बाण बघितला की माणूस तोंड उघडत नाय. इथून हाक मारली तर वाडीत ऐकू येते. ज्याला जायचंय त्यानं इचारावं.”

मी डब्याला झाकण लावलं आणि ती वाट त्यांच्याबरोबर चालून पाहिली.

परतीच्या गाडीत बसल्यावर फोनमधली तिसरी वाट पुसली आणि ती जिथून घेतली होती तिथे ‘फाट्यावरून डावीकडची वाट दरडीने तुटली आहे, जाऊ नका’ असं स्पष्ट लिहिलं. मग गटासाठी सूचना तयार केली. उजवीकडच्या, वाडीतल्या वाटेनेच जायचं. टोकावरचा देखावा मिळणार नाही, त्याबद्दल कुरकुर होईल, ती मी ऐकून घेईन. फाट्यावर थांबायचं, वाडीकडे तोंड करून हाक मारायची आणि वरून उत्तर येईपर्यंत एकीनेही पाऊल उचलायचं नाही.